कोपऱ्यातली खोली

"म्हणजे एचडीआर करायचंच नाही, असंच ना?"

निनादनं हे तिसऱ्यांदा विचारलं. आवाजात आता चीड होती.

अत्तारचाचा लेण्याच्या दाराशी बसले होते. तालुक्याच्या गावी चाळीस वर्षं त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला. आता तो बंद होता. शिकणारे तेवढे त्यांना शोधत यायचे.

"करायचं नाही असं मी कुठं म्हटलं?"

"मग कधी करायचं?"



एप्रिलची दुपार होती. बाहेरचा कातळ उन्हानं पांढरा झाला होता, आत काळोख. आतल्या खांबांसाठी फोटो काढावा तर बाहेरचा डोंगर नुसता पांढरा डाग. डोंगरासाठी काढावा तर खांब गायब. लेण्यांवरच्या एका पुस्तकाला मुखपृष्ठ हवं होतं, आणि ते आपलंच होणार याबद्दल निनादला शंका नव्हती.

"पाच फोटो काढतो," तो म्हणाला. "काही अंधारे, काही उजळ. पाचांचा एक केला की झालं एचडीआर. आतलं, बाहेरचं, सगळं दिसेल."

"तुला दिसतंय?"

"कॅमेऱ्याला दिसेल."

"तुला?"

निनादनं आत डोकावून पाहिलं.

"बस इथं," चाचा म्हणाले. "आत तोंड करून."

तो बसला. पाच मिनिटं... दहा... हळूहळू खांब वर आले. मग खांबांवरचे हत्ती. मग छताच्या कडेनं गेलेली वेलबुट्टी. मान वळवली की बाहेरचा डोंगरही दिसे, त्यावरच्या निवडुंगासकट.

"दिसलं?"

"दिसलं."

"कॅमेऱ्याला हे एका फोटोत झेपत नाही. तुझ्या डोळ्यांना झेपलं. तेवढं दाखवायला पाच फोटो लागत असतील, तर काढ."

निनाद हसला. एवढंच होतं तर!

"आणि ती?" त्यानं डाव्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं भिक्षूंची एक खोली होती. आत दगडी ओटा; खिडकी नाही, दुसरं दार नाही. सकाळी तो स्वतः आत जाऊन आला होता. पण एवढा वेळ बसूनही त्या दारात त्याला काळ्या चौकटीपलीकडे काही दिसत नव्हतं.

"ती राहू दे."

"का? मोकळी तर आहे."

"डोळे अंधाराला सरावले, तरी दिसली नाही ना? मग राहू दे."

निनादनं कॅमेऱ्याचं तिकाटणं लावलं, पाच फोटो काढले. मग चाचांकडे पाठ करून आणखी दोन काढले, खूप उजळ, फक्त त्या खोलीसाठी. शेवटच्यासाठी कॅमेऱ्याचा डोळा अख्खं अर्धं मिनिट उघडा राहिला.

लॅपटॉपवर सातांचा एक झाला.

डोंगर आला. हत्ती आले. खोलीचं दार उजळलं...

ओट्यावर कुणीतरी बसलं होतं. गुडघे पोटाशी घेतलेले. आणि डोकी दोन होती. एक भिंतीकडे वळलेलं. दुसरं, फिकट, इकडे.

"हे... हे होतं असं," निनाद घाईघाईनं म्हणाला. "दोन फोटोंच्या मधे वस्तू हलली की एकत्र करताना ती दोनदा उमटते."

"वस्तू?"

निनादनं शेवटचे दोन फोटो वेगवेगळे उघडले. पहिल्यात तोंड भिंतीकडे. दुसऱ्यात इकडे. अर्धं मिनिट, जरासुद्धा न हलता, कॅमेऱ्याकडे.

सकाळपासून दोघं दारातच होते. आत कुणी गेलं नव्हतं.

त्यानं मोबाइलची बॅटरी लावली आणि खोलीकडे वळला. चाचांनी बॅटरीवर तळहात ठेवला. बोटांमधून लाल उजेड झिरपत राहिला.

"अजून?"

त्या एका शब्दानं निनाद जागीच थांबला. बॅटरी विझवली. दोन्ही फोटो पुसले, मग जुळवलेलाही. पहिल्या पाचांचा नवा फोटो त्यानं तिथंच बसून केला. खांब, हत्ती, डोंगर... आणि कोपऱ्यात काळं दार. फोटो चांगला होता. त्याच्याकडे बघायला मात्र त्याला धीर होईना.

"चला चाचा. निघू."

"तू हो पुढं."

चाचा सावकाश उठले, लेणं ओलांडून गेले आणि त्या खोलीच्या दारात, तिच्याकडे पाठ करून मांडी घालून बसले. होता नव्हता तो उजेड त्यांच्या पाठीनं अडवला.

आतून काहीतरी सरकल्यासारखा बारीक आवाज आला. चाचांनी मागं पाहिलं नाही.

"किती वेळ बसणार?" निनादनं लांबूनच विचारलं.

"उजेड चटकन होतो रे," चाचा म्हणाले. "अंधार व्हायला वेळ लागतो."