काळा कागद

"माझ्या शब्दावर कुणी विश्वासच ठेवंना, बाबा! अख्खा स्टँड भैरूच्या बाजूनं. इंजिन माझं गेलं, आणि खोटीही मीच?"

चांगुणेनं पिशवी दर्ग्याच्या ओट्यावर आपटली. घाटात तिची जीप वडाप करायची, सीटा भरून गावोगाव न्यायची. एकट्या बाईनं उभा केलेला धंदा. ताठा होता तिला, आणि का नसावा?

दादूबाबा एकेकाळचा ट्रकमिस्त्री, आता फकीर. इंजिन कुणी मारलं हे बाबानं सांगायचं आणि स्टँडनं मानायचं, अशी तिथली रीत. त्यानं भैरूचं नाव घेतलं, की तिच्या त्या जुन्या ड्रायव्हरच्या हाती या घाटात पुन्हा कुणी चावी देणार नव्हतं. चांगुणा आली होती ती तेवढ्यासाठीच.

"भैरूनं केलं काय, बेटी?"

"हे बघा!" तिनं कापलेला ऑइल फिल्टर काढला. आतला कागद डांबरासारखा काळा. "दर खेपेला बदलताना असाच निघायचा. ही त्याची राखण! हाकलला मेल्याला, आणि कागदाच्या जागी ही स्टीलची जाळी बसवली. धुवायची, परत लावायची. जन्माची ददात मिटली."

"दोन्हीत भरवशाची कुठली?"

"हे काय विचारणं झालं? जाळीच! कधीही काढून बघा, लखलखीत. कागद भरतो. जाळी भरतच नाही."

"मग घाण जाते कुठं?"

"घाण राहिलीच नाही ना..."

"आणि इंजिन?"

"ते त्यानं आधीच खाऊन ठेवलेलं. माझ्या हाती येऊन मेलं, एवढंच."

बाबानं तिच्या पिशवीकडं हात केला.

पुरावा म्हणून तिनं मेल्या इंजिनातलं जळकं ऑइल डब्यातून आणलं होतं. बाबानं तिचा डावा तळवा पुढं ओढला, वर जाळी धरली आणि डबा कलता केला. ऑइल भसकन उतरलं.

"चोळ."

तिनं चोळलं. बोटांखाली करकर. नदीची वाळू जशी.

मग त्यानं काळ्या कागदाचा तुकडा फाडला, द्रोण केला, उजव्या तळव्यावर धरला. ऑइल ओतलं.

काहीच उतरेना.

"किती वेळ, बाबा? हात आखडला."

"धर."

दोन बायका ऊद लावून, लेकरांच्या कपाळाला अंगारा लावून निघून गेल्या. एक थेंब पडला... मग दुसरा...

"आता चोळ."

ऑइल काळंच होतं. पण लोण्यासारखं मऊ.

तिनं डावा तळवा पुन्हा चोळला. मग उजवा. तिनं काळा कागद उचलून डोळ्यांजवळ धरला.

"बाबा... म्हणजे हा काळा निघायचा तो घाण अडवून... आणि जाळीनं ती सगळी इंजिनात सोडली..."

बाबा जाळी पुसत होता.

खालच्या वळणावर जीपचे हॉर्न वाजले. स्टँडवरची माणसं वर येत होती.

"आली ती," चांगुणा हळूच म्हणाली. "नाव विचारतील. कुणाचं... कुणाचं घेणार?"

बाबानं मान वर केली.

"चांगुणेचं."