यानातलं रिकामं ताट

‘दूरयान’ मालिकेत यानावरचा डॉक्टर मरतो, पण पुढच्या प्रत्येक भागात सगळे जेवायला बसले की त्याचंही ताट मांडलं जातं. मालिकेवरच्या सिनेमात मात्र ते ताट गायब. नाशिकच्या चाहत्यांनी मेळाव्यात दिग्दर्शक राजाध्यक्षांना याचा जाब विचारला.

“रिकामी जागा कुणाच्या लक्षातही येत नाही हो,” ते हसून म्हणाले. तेवढ्यात पहिल्या रांगेकडे बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. “मागे माणसं उभी आहेत, आणि ही खुर्ची रिकामी का ठेवलीय?”

शेजारच्या शुभदाताई उठल्या. “ह्यांची आहे. दर मेळाव्याला आम्ही दोघं यायचो, यंदा मी एकटीच आले,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पण साहेब, तुमच्या लगेच लक्षात आली.”