अवेळी म्हटलेले आमेन

एकदा एका गावच्या ख्रिस्ती मंडळीत एक वृद्ध पाळक होते. दूरच्या शहरात धर्मशास्त्र शिकून आलेला एक तरुण त्यांच्या हाताखाली सेवा शिकत होता. मंडळीतला तेलाचा व्यापारी शेंगदाणा तेलात पामतेल मिसळतो, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि त्याचे अंतःकरण पेटून उठले.

बुधवारच्या प्रार्थनासभेत तो उभा राहिला. "प्रार्थनेचा एक विषय आहे," असे म्हणून त्याने डोळे मिटले. "हे प्रभू, आमच्यातला एक भाऊ मोहात पडला आहे. तो तेल विकतो, आणि त्या तेलात..."

"आमेन," पाळक मोठ्याने म्हणाले.

सवयीने सगळ्यांच्या तोंडून आमेन निघाले. माणसे चपला शोधू लागली. व्यापाऱ्याची बायको तेवढी मान खाली घालून झपझप घराकडे निघून गेली.

"बाबा, माझी प्रार्थना अर्धीच राहिली," शिष्य म्हणाला.

"तेल कोण विकतं हे देवाला ठाऊक आहे, बाळ. तू कोणाला सांगत होतास?"

"मग पाप झाकायचं का?"

"छे. त्याच्याकडेच जायचं. चल."

म्हाताऱ्याच्या चालीने दोघे व्यापाऱ्याच्या दाराशी पोहोचले. शिष्याने कडीला हात घातला, तसे पाळकांनी विचारले, "तू पाहिलंस ते खोटं निघालं, तर तुला काय वाटेल?"

शिष्याने मनात डोकावून पाहिले. तिथे निराशा होती. त्याचा हात खाली आला.

पाळक पायरीवर बसले. "काटा काढायचा तर दुसऱ्याचा पाय मांडीवर घ्यावा लागतो. उभ्याने ओढला की मोडून आतच राहतो. बस इथं. त्याच्यासाठी माग, स्वतःसाठीही माग. ऐकायला कोणी नाही."

शिष्य बसला. या वेळी त्याला शब्द सापडेनात. बऱ्याच वेळाने दार आतून उघडले.

"पायरीवर का बसलात?" व्यापारी म्हणाला. मग शिष्याकडे वळून, "चार माणसांत माझी अब्रू काढणार होतात म्हणे."

"हो दादा, ते माझं चुकलं. पण दुकानामागं मी तुम्हाला तेल मिसळताना पाहिलं. ते खोटं असेल, तर मला फार बरं वाटेल."

व्यापाऱ्याने नजर उंबऱ्याकडे वळवली. "खोटं नाही," तो म्हणाला आणि बाजूला सरला. "आत या."

त्या घरात त्या संध्याकाळी आमेन म्हणायची घाई कोणीच केली नाही.