रावबहादुरांचा न झिजणारा पंखा

चंद्रवेल संस्थानात नदी ओलांडायला मोटारबोट यायची होती. दिवाण रावबहादूर पारखे यांनी तिच्यासाठी पाण्यात फिरून बोट पुढं ढकलणारा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पंखा ओतून घेऊन दरबारात मांडला. त्याच्या आरशासारख्या पात्यांत खिडकीबाहेरचे ढग संथपणे तरंगत होते आणि राणीसाहेब उमाराजे तंद्री लागल्यासारख्या ते पाहत होत्या. त्यांचं माहेर याच नदीकाठचं. इथली वाळू घाटाचे दगडही झिजवते, हे त्यांना ठाऊक होतं. पुरात पंखा निकामी झाला असता, तर भरलेली बोट धारेबरोबर वाहून गेली असती.

रावबहादूर म्हणाले, "हा धातू इतका कठीण आहे, की वाळूनं कधीच झिजणार नाही. शंका असेल त्यानं पंख्याला हात न लावता मला खोटं ठरवावं."



उमाराजे हळूच म्हणाल्या, "किती सुंदर आभाळ उतरलंय यात. ओतला तेव्हापासून असाच आहे का?"

"छे, तेव्हा खडबडीत होता. घासून घासून ही झळाळी आणली."

"कशानं घासलात?"

"बारीक वाळूनं," रावबहादूर अभिमानानं म्हणाले.

"मग तो खडबडीतपणा गेला कुठं?"

महाराज हसून म्हणाले, "पुरातली पहिली फेरी तुमचीच, रावबहादूर."

"महाराज," रावबहादूर घाम पुसत म्हणाले, "आधी गढूळ पाण्यात पंखा तपासून घेतो."