पहारीचे चकचकीत तोंड

जंगलाच्या कडेला लाकडाची एक वखार होती आणि वखारीमागच्या गवतात एक सशीण राहत असे. एके दुपारी तिचे पिल्लू पेंढ्याच्या उघड्या खोक्यात शिरले आणि तिथेच झोपी गेले. कामगारांना याचा पत्ताच नव्हता. त्यांनी वर झाकण ठेवले, चार खिळे ठोकले आणि ते भाकरी खायला ओढ्यावर गेले. जेवण आटोपले की खोकी बैलगाडीत चढायची आणि गाडी शहराला जायची. आतून पिल्लाचे रडणे ऐकू आले, तेव्हा सशिणीने मोठमोठ्याने हाका मारल्या.

तिच्या हाकेला अस्वल, रानडुक्कर आणि माकड धावत आले. खोक्याशेजारी हातभर लांबीची एक लोखंडी पहार पडली होती. तिचे एक टोक सरळ होते, दुसरे वाकडे आणि मधोमध खाच असलेले. माणसे हिनेच खोकी उघडतात, एवढे सशिणीने लांबून पाहिले होते. कशी उघडतात, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. पण तसे कबूल कोण करणार? रानडुक्कर म्हणाले, ही उकरण्यासाठीच आहे, आणि त्याने खोक्याभोवती खड्डा केला. खोके कलंडले. अस्वलाने ती खोक्यावर दाणकन हाणली. पिल्लू आणखीच रडू लागले. माकडाने तर ही पाठ खाजवण्यासाठी आहे असे ठरवून खाजवायला सुरुवातही केली. मग तिघांचे भांडण जुंपले. बाळांनो, खरे सांगा, तुम्हाला तरी कळले असते का?

ओढ्याकडून माणसांचे बोलणे जवळ येऊ लागले. सशिणीने माकडाच्या हातून पहार घेतली आणि ती न्याहाळत बसली.

"मला काहीच कळत नाहीये," ती म्हणाली. "पण हिच्या अंगभर गंज आहे. ही खाच आणि ही वाकलेली पाठ तेवढी झिजून चकचकीत झालीय. रोज इथेच काहीतरी घासत असणार."

माकडाने ती खाच खिळ्याच्या डोक्याखाली सरकवून पाहिली. अगदी बरोबर बसली. अस्वल सवयीने पहार वर ओढू लागले, तशी ती निसटली.

"पाठही घासलीय ना, दादा? ती फळीवर टेकव आणि सरळ टोक खाली दाब," सशीण म्हणाली.

"खिळा वर यायला हवा, आणि दाबायचं खाली?" अस्वल पार गोंधळले. तरी त्याने दाबले. करकर करत खिळा बाहेर आला. मग दुसरा, तिसरा, चौथा.

झाकण सरकताच पिल्लू आईच्या कुशीत शिरले आणि सगळे गवतात पळाले. कामगार परतले, तेव्हा रिकाम्या खोक्याजवळ चार खिळे पडले होते आणि पहारीला अस्वलाचे केस चिकटले होते. आता डोके खाजवायची पाळी त्यांची होती. गवतात अस्वल मात्र सांगत होते, "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो." सशीण पिल्लाच्या अंगावरचा पेंढा काढत होती.

तात्पर्य : जे येत नाही ते येत नाही म्हणावे आणि समोरची वस्तू नीट पाहावी; तिचे काम तिच्या अंगावरच दिसते.