पिवळा पडलेला डबा

पाखरं घरोघरी चूल मांडत होती, तेव्हाची गोष्ट. एका साळुंकीला पिल्लाच्या पोटाची भारी काळजी. पाहुण्यांनासुद्धा ती पंख धुतल्याशिवाय घरट्यात घ्यायची नाही. मातीच्या वाटीत जंतू राहतात, म्हणून सहलीला आलेल्या माणसांनी टाकलेला पांढराशुभ्र प्लास्टिकचा डबा तिनं घासूनपुसून आणला. रोज चुलीवरची वाफाळती खिचडी त्यात ओतली, की ती निर्धास्त.

"आई, खिचडीला डब्याचा वास येतो," पिल्लू कुरकुरायचं.

"नखरे नकोत हं! सगळी संपव."

एके दुपारी रिकामा डबा घासताना ती थबकली. डबा आतून पिवळाधमक पडला होता आणि डाग काही केल्या निघेना.

"का रे, माझ्या खिचडीतली हळद तू खाल्लीस?" ती कडाडली.

डबा दुखावला. "खाल्ली. पण ताई, मी फुकट्या नाही. तुम्ही खिचडी गरमागरम ओतायचात, तेव्हा माझ्यातलंही थोडं तिच्यात सोडायचो. रोज. न चुकता."

साळुंकीनं वळून पिल्लाकडे पाहिलं. शहाण्या बाळानं आजही एक शीत उरवलं नव्हतं.