चमच्यात मावेल एवढं

शनिवार, दुपारचे सव्वातीन. आंबेखोऱ्याच्या ठाकरवाडीतलं, ओढ्याकाठचं शेवटचं घर. दहा महिन्यांच्या मंगळ्याला सकाळपासून अकरा जुलाब झाले होते, आणि त्याच्या तोंडात पाण्याचा एक थेंब गेलेला नव्हता.

ओढ्याच्या पाण्यानं घागर भरलेली होती. पण पाणी द्यायला बंदी होती. "वरनं ओताल तेवढं खालनं जाईल," शेजारच्या हौशाकाकीनं बजावलं होतं. "लंघन पडू दे. अंगावरचं दूधही बंद." मग तिनं मंगळ्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "टाळू बसलीय बघ. भरायला पाहिजे." आणि टाळूच्या त्या खड्ड्यात ती वाटीभर तेल जिरवत बसली. आय नुसती रडत होती.

मंगळ्याही रडत होता, पण त्याच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. हे फक्त त्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीनं, बुधीनं पाहिलं.

"काकी, त्याची जीभ वाळलीय गं."

"तू डाक्टरीण का? जा, सरपण आण!"

बुधी रानात गेली. भावाला मिळत नाही म्हणून तीही सकाळपासून प्यायली नव्हती. जांभळीच्या खोडावर, डिंकाच्या सोनेरी थेंबात एक निळा चतुर अडकून फडफडत होता. बुधीनं कोरड्या तोंडात कशीबशी थुंकी जमवली, ती बोटानं त्याच्या पंखांना लावली आणि इवलेसे पंख अलगद सोडवले.

पंख झळकले. निळा, हिरवा, मोरपिशी उजेड पानापानांवर सांडला, आणि चतुराच्या जागी करंगळीएवढी परी तिच्या तळहातावर उभी राहिली. झग्याला दवाच्या टिकल्या, केसांत गवताचं फूल.

"तीन गोष्टी माग, बाळ. पण माझा एक नियम आहे. पहिल्या दोन चमच्यात मावायला हव्यात."

"माझ्या मंगळ्याला बरं कर!"

"ते चमच्यात मावत नाही गं," परी हळूच म्हणाली.

बुधीनं डोळे पुसले. "मग त्याच्या पोटात राहील असं पाणी दे."

"ते तुझ्या घरातच आहे. एक लिटर पाणी उकळून गार कर. त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाल. छोटा चमचा घे. आधी चाखून बघ, आसवापेक्षा खारट नको. मग चमचा चमचा पाज. ओकला तर दहा मिनिटं थांब आणि परत सुरू कर, आणखी हळू. कंटाळायचं नाही."

"आणि भूक लागली तर?"

"ही दुसरी मागणी. आयचं दूध मागेल तेवढं पाजायचं. गिळू लागला की मऊ भाताची पेज, कुस्करलेलं केळं. पण त्याची टाळू बसलीय, आसवं आटलीत, म्हणून आत्ताच दवाखान्याची वाट धरा. वाटेतही चमचा थांबवू नका."

"आणि तिसरी?"

"ती फक्त तुझ्यासाठी. मंगळ्या हसला की ये."

बुधी धावली. चूल पेटली, पाणी उकळलं, थंड पाण्याच्या परातीत भांडं ठेवून गार केलं, साखर-मीठ घालून चाखलं. पहिला चमचा ओठांशी नेला तोच हौशाकाकीनं मनगट धरलं.

"मारतेस का पोराला?"

"काकी, खड्डा वर दिसतोय, पण आटलंय आत," बुधी म्हणाली. "डोक्यावर तेल ओतून विहीर भरते का?"

"बघा, केवढीशी जीभ आणि केवढं बोलणं!"

पण आय उठली. अख्ख्या दिवसात पहिल्यांदा. तिनं काकीचा हात बाजूला केला, लेकराला पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "दे गं बुधे. तू चमचा दे."

एक चमचा. आणखी एक. मंगळ्या ओकला. काकी म्हणाली, "बघ!" त्या दहा मिनिटांत आयनं झोळी बांधली. दोघी निघाल्या. डांबरी रस्त्यावरचा दवाखाना दीड कोस. आयच्या छातीशी मंगळ्या, शेजारून भांडं सावरत बुधी. चार पावलं, एक चमचा.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावताना भांड्याकडे पाहिलं. "हे कोण पाजत होतं?"

बुधीनं मान खाली घातली. तिला वाटलं, आता रागावणार.

"म्हणून तो इथवर पोचला," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बघायला आलेल्या हौशाकाकीच्या मांडीवर मंगळ्या भरघोस मुतला आणि तिच्या तोंडाकडे बघून खुदकन हसला. "मेल्या, नवं लुगडं!" काकी ओरडली आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली.

घरी आल्यावर बुधी जांभळीपाशी गेली.

"काय हवं?" परी म्हणाली. "चांदण्यांचा झगा? सोन्याच्या बांगड्या?"

झगा कसा असेल ते बुधीनं मनात पाहिलं.

"बाई म्हणाल्या, तो पाण्यानं आजारी पडला. पाणी कशानं नासलं ते दाखव. नाहीतर उद्या परत तेच पाणी पिईल."

परी तिच्या कपाळावर टेकली. "शहाणी गं माझी," म्हणाली, आणि विरघळून नुसता उजेड झाली. उजेडाची ती चिमुकली धार ओढ्यातून उलटी चढत गेली, गोटे उजळवत, नेच्यांची पानं चांदीची करत, थेट डोंगरावरच्या नव्या बंगल्यापर्यंत. तिथे ती विझली.

बुधीनं घरोघरी हाक मारली, आणि तिच्यामागून सगळी वाडी वर चढली. बंगल्याच्या संडासाच्या टाकीतून एक काळा पाइप निघून करवंदीखालून ओढ्यात सोडलेला होता. त्यावर पाला टाकलेला होता, आणि पाला उडू नये म्हणून वर दगड रचले होते. ते दगड कोणी रचले, असं वाडीनं बंगल्याच्या फाटकात उभं राहून विचारलं. अजून कोणी सांगितलेलं नाही.